दोरीला टांगलेले दोन चार्ज: अडलेला सम सोडवायचा कसा, विचारायचा कसा

'इलेक्ट्रोस्टॅटिक्स (स्थिर विद्युत) काही डोक्यात शिरत नाही' असं म्हणणाऱ्या मुलाची वही उघडून बघा. कूलोमचा नियम (दोन चार्जमधलं बल = स्थिरांक × दोन्ही चार्जचा गुणाकार ÷ अंतराचा वर्ग) बहुधा बरोबर लिहिलेला असतो. गाडी अडते ती त्याच्या पुढच्या ओळीवर, आणि ती ओळ असते मेकॅनिक्सची. अकरावीच्या सुरुवातीला घाईघाईत संपवलेले बलाचे घटक आणि समतोल इथे वसुलीला येतात.

खुद्द कूलोमचंही काम असंच होतं. हा फ्रेंच लष्करी अभियंता. १७८५ साली त्याने विद्युत बल मोजलं ते बारीक तारेला किती पीळ बसतो हे बघून. चार्ज मोजायचं मीटर तेव्हा कुठे होतं? म्हणून दोन्ही विषय एकाच उदाहरणात घेऊ.

उदाहरण असं: प्रत्येकी १.२ ग्रॅमचे दोन सारखे गोळे ५० सेंटिमीटरच्या दोन दोऱ्यांनी एकाच खिळ्याला टांगले आहेत. दोघांना सारखाच चार्ज दिल्यावर ते एकमेकांपासून दूर गेले आणि प्रत्येक दोरी उभ्या रेषेशी ३७ अंशांचा कोन करून स्थिर झाली. चार्ज किती?

आधी आकृती काढा, तीही मोठी, निदान अर्ध्या पानाची. मग एकच गोळा निवडा आणि दुसरा विसरा. या गोळ्याला कोण कोण ओढतंय किंवा ढकलतंय? पृथ्वी खाली ओढते, दोरी तिरकी वर ओढते, दुसरा गोळा आडवा ढकलतो. बस, तीनच बाण. वर्गात ज्याला एफबीडी (फ्री बॉडी डायग्राम) म्हणतात ते हेच. चौथा बाण काढावासा वाटला तर थांबा आणि विचारा, हे बल लावतंय कोण? नाव सांगता आलं नाही तर तो बाण खोडा.

मग एकके बदला, आकडेमोडीच्या आधीच. १.२ ग्रॅम म्हणजे ०.००१२ किलोग्रॅम. जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, १० धरला तर वजन ०.०१२ न्यूटन. (पेपरात ९.८ दिला असेल तर तोच घ्या.) ३७ अंशांचा साइन ०.६ आणि कॉस ०.८ धरतात. आता दोन गोळ्यांमधलं अंतर. इथे बरेच जण दोरीची लांबीच सूत्रात घालतात. दोरी ०.५ मीटरची आहे, पण कूलोमच्या नियमाला गोळ्यापासून गोळ्यापर्यंतचं अंतर लागतं: २ × ०.५ × ०.६, म्हणजे ०.६ मीटर.

आता समीकरणं, आणि इथे जरा रेंगाळू. ताणाचा उभा घटक वजनाइतका आणि आडवा घटक विद्युत बलाइतका. म्हणजे ताण × ०.८ = ०.०१२, म्हणून ताण ०.०१५ न्यूटन. विद्युत बल = ०.०१५ × ०.६ = ०.००९ न्यूटन.

पण वह्यांमध्ये सर्रास दिसतं ते 'ताण = वजन × कॉस थीटा' (थीटा म्हणजे दोरीचा उभ्या रेषेशी कोन). त्याने ताण ०.००९६ न्यूटन येतो, म्हणजे वजनापेक्षाही कमी. तिरकी दोरी वजन पेलते, वर आडवा धक्काही सहन करते, मग तिच्यातला ताण वजनापेक्षा कमी कसा असेल? ही सवय येते साध्या लंबकाच्या धड्यातून. तिथे झोक्याच्या टोकाला गोळा क्षणभर थांबतो तेव्हा ते सूत्र खरं असतं, कारण आडवं ढकलणारं कोणी नसतं. इथे आहे. दोरीच्या दिशेनेच घटक काढायचे असतील तर जरूर काढा, पण मग विद्युत बलाचाही घटक धरा: ०.०१२ × ०.८ + ०.००९ × ०.६ = ०.०१५. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आलं. माझ्या मते परीक्षेत दोन मिनिटं उरली असतील तर ती अशा पडताळणीला द्यावीत, अक्षर सुधारायला नाही.

पुढचं सोपं आहे. कूलोमचा स्थिरांक ९ गुणिले १० चा नववा घात. ०.००९ ला ०.६ च्या वर्गाने गुणा, स्थिरांकाने भागा, वर्गमूळ काढा: ०.६ मायक्रोकूलोम (कूलोम हे चार्जचं एकक, मायक्रो म्हणजे त्याचा दहा लाखावा भाग).

आता स्वतःलाच एक प्रश्न: एका गोळ्यावर १ आणि दुसऱ्यावर ३ मायक्रोकूलोम असता तर जास्त चार्जचा गोळा जास्त लांब गेला असता का? नाही. न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने दोघांवरचं बल सारखंच, आणि वस्तुमानही सारखंच, म्हणून कोनही सारखेच. कोन वेगळे हवे असतील तर वस्तुमानं वेगळी लागतात.

गोळे हलायला लागले की हत्यार बदलावं लागतं. समजा गुरुत्व नाही आणि हेच दोन गोळे ०.६ मीटर अंतरावरून सोडून दिले. खूप दूर गेल्यावर त्यांचा वेग किती? सुरुवातीचं त्वरण ७.५ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं म्हणून ते गतीच्या तीन समीकरणांत घालायचा मोह होतो. पण अंतर वाढेल तसं बल घटतं, त्वरणही घटतं, आणि ती समीकरणं फक्त स्थिर त्वरणासाठी आहेत. इथे ऊर्जा वापरा. स्थितिज ऊर्जा ०.००५४ ज्यूल, दोघांत निम्मी निम्मी, म्हणून प्रत्येकाचा वेग सेकंदाला सुमारे २.१ मीटर. समांतर पट्ट्यांमधलं एकसमान क्षेत्र असेल तर मात्र ती तीन समीकरणं खुशाल वापरा.

एवढं करूनही अडलात तर विचारा, पण विचारायचीही रीत असते. 'सर, हा सम येत नाही' यावर सर काय करणार? फळ्यावर पूर्ण सोडवून दाखवतील, तुम्ही उतरवून घ्याल, आणि गाडी तिथेच. त्यापेक्षा आपली आकृती आणि अर्धवट उत्तर पुढे ठेवा आणि बोट ठेवून सांगा: 'इथपर्यंत पटतंय, पण ताण वजनापेक्षा कमी येतोय, कुठे चुकलं?' फोनवर विचारत असाल तर मूळ प्रश्नाचा पूर्ण फोटो पाठवा. 'स्थिर', 'हलका', 'घर्षणरहित' हे शब्द आपल्या शब्दांत सांगताना हमखास गळतात. उत्तर मागू नका, पुढची एकच ओळ मागा.

मिळालेलं उत्तर दुसऱ्या दिवशी वही मिटून पुन्हा सोडवा, एक गोष्ट बदलून. उदाहरणार्थ, हेच गोळे तेलात बुडवले आणि कोन ३७ अंशच राहिला. गोळ्यांची घनता १.६ आणि तेलाची ०.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर धरा. तेलाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक, म्हणजे तेलात विद्युत बल किती पट कमी होतं तो आकडा, किती? २ यायला हवा. तसा आला नाही तर आकृतीत उत्प्लावक बलाचा (तेल गोळ्याला वर ढकलतं त्या बलाचा) बाण काढलाय का ते बघा.