संमतिपत्रावर सही घेण्याआधी: पब्लिक हेल्थ डेंटिस्ट्रीत नव्याने येणाऱ्यांसाठी

प्रबंधाचा विषय मंजूर झाला की सगळं लक्ष नमुना किती घ्यायचा आणि डीएमएफटी (किडलेल्या, किडीमुळे गेलेल्या आणि भरलेल्या दातांची संख्या) कसा नोंदवायचा याकडे लागतं. संमतिपत्र मात्र सीनिअरच्या फाइलमधून जसंच्या तसं उतरवलं जातं. तसं करू नका. ते स्वतः लिहा, ज्या गावात काम करणार तिथल्या दोघातिघांना वाचून दाखवा आणि काय समजलं ते त्यांच्याच तोंडून ऐका.

शिबिरातला सर्वात अवघड प्रश्न असतो, 'डॉक्टर, दाढ आजच काढाल का?' लोकांच्या लेखी दातांचा डॉक्टर आला म्हणजे उपचार होणारच. आपण फक्त मोजणी करणार आहोत, हे स्पष्ट न सांगता घेतलेला अंगठा मला संमती वाटत नाही. वाचता न येणाऱ्यांसाठी साक्षीदार लागतो. तो आपल्या टीमबाहेरचा हवा. आणि मिश्री लावता का, हे सुनेला सासूसमोर विचारू नका. खरं उत्तर मिळणार नाही, वर घरात तिची अडचण होईल.

आश्रमशाळेत मुख्याध्यापक चटकन हो म्हणतात. ती शाळेत येण्याची परवानगी, मुलांच्या तोंडात आरसा घालण्याची नव्हे. पालकांची संमती वेगळी घ्यावी लागते. शिवाय आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयाच्या मुलांचा तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी होकार हवा. पालक दूरच्या पाड्यांवर असतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीला ते मुलांना न्यायला येतात ते दिवस आधीच विचारून ठेवा.

एवढा आग्रह का, तर आपल्या विषयाचा इतिहास तसा आहे. स्वीडनमध्ये लुंडजवळच्या विपेहोल्म संस्थेत १९४०च्या दशकात बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना चिकट टॉफ्या खायला घालून त्यांचे दात किडू दिले. त्यांची संमती कुणी घेतली नाही. साखर किती खाल्ली यापेक्षा जेवणांच्या मधे किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं, हा आपण शाळाशाळांत शिकवतो तो धडा मुख्यतः त्यांच्या दातांवरून मिळालेला आहे. शिकवताना हेही सांगावं, असं मला मनापासून वाटतं.

नकार देणाऱ्याला कारण विचारत बसू नका. ब्रश-पेस्ट वाटत असाल तर त्यालाही द्या, दुखरी दाढ असेल तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी लिहून द्या, आणि अहवालात नकारांचा आकडा जरूर मांडा.