पाऊस सरला की मोठं घर उन्हाला कसं काढावं

गोव्यातल्या बारा-पंधरा माणसांच्या ख्रिस्ती घरात चार महिन्यांची ओल कुठे कुठे मुरली आहे, ते सप्टेंबरअखेर पहिलं कडक ऊन पडलं की कळतं. त्या दिवशी सगळंच अंगणात काढावंसं वाटतं. तसं करू नये. गोव्यात पाऊस साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रेंगाळतो, आणि दुपारी तीनला आभाळ भरून आलं की दहा गाद्या एका दारातून आत घ्यायला माणसं पुरत नाहीत. म्हणून आधी आल्तार (घरातली प्रार्थनेची वेदी), मग गाद्या, मग पुरुमेंताचं (पावसाळ्याच्या बेगमीचं) उरलेलं सामान आणि चोरीस (डुकराच्या मांसाचे मसालेदार सॉसेज) सगळ्यात शेवटी.

ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेचा महिना. रोज संध्याकाळी सगळं घर तेर्साला (या प्रार्थनेला) बसतं, त्यामुळे आल्तार १ तारखेपूर्वी आवरलेला हवा. लाकडी मूर्ती उन्हात ठेवू नयेत. पावसात फुगलेलं लाकूड एकदम सुकलं की रंगाला भेगा पडतात. मूर्ती बल्कांवात (दारापुढच्या ओसरीत), सावलीत, वारा लागेल अशा जागी दोन दिवस ठेवाव्यात आणि मऊ, कोरड्या ब्रशने झाडाव्यात. ओलं फडकं लावू नये. मूर्तीच्या पायाशी पिठासारखा भुगा दिसला तर आत कीड आहे. ती मूर्ती वेगळी ठेवून जाणकाराला दाखवावी.

सावरीच्या कापसाच्या गाद्या एका दिवशी तीन-चारच काढाव्यात. खाली चटई किंवा चुडतांची मल्लं (माडाच्या झावळ्या विणून केलेली) हवीत, नाहीतर जमिनीची ओल खालून चढते. सकाळी दहाला घालाव्यात, साडेबाराला उलटाव्यात, चारच्या आत घरात आणाव्यात. दव पडायला लागलं की दिवसभराचं ऊन वाया जातं. लग्नाचे कपडे, चादरी, गोधड्या यांच्या बाबतीत एक चूक हमखास होते. उन्हातून आणलेलं गरम कापड तसंच पेटीत भरलं जातं. ते आत निवताना घाम धरतं आणि आठवड्यात घडीच्या रेषेवर काळे ठिपके उमटतात. खाटेवर पसरून तासभर निवू द्यावं, मगच घडी घालावी.

पुरुमेंत तपासताना मिरची मोडून बघावी. बाहेरून लाल दिसणाऱ्या मिरचीत बियांभोवती पांढरी-करडी बुरशी असू शकते. अशी मिरची उन्हात घालून दळू नये. बुरशी सुकते, पण तिचं विष तसंच राहतं. ती टाकूनच द्यावी. उकड्या तांदळात सोंडे झाले तर सावलीत पातळ पसरून चाळावेत. कडक उन्हात दाणा तडकतो आणि पेजेत विरघळतो. चिंच, सोलं (आमसुलं) आणि खारे बांगडे यांना एक दिवसाचं ऊन पुरतं.

आता चोरीस. सलग चार-पाच दिवस आभाळ स्वच्छ राहिलं तरच हात घालावा. अशा घराला पहिल्या खेपेला ५ किलो डुकराचं मांस घ्यावं, तीन भाग मांस आणि एक भाग चरबी. बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. पाण्याने धुऊ नयेत. तुकड्यात राहिलेलं पाणी हेच चोरीस नासायचं पहिलं कारण. धुवायचं तर माडाच्या व्हिनेगरने. २०० ग्रॅम मीठ चोळून, वर पाटा ठेवून एक रात्र थंड जागी, शक्यतो फ्रीजमध्ये, दाबून ठेवावं आणि सुटलेलं पाणी ओतून टाकावं.

मसाल्याला दीडशे ग्रॅम सुकी मिरची, तेवढाच लसूण, पन्नास ग्रॅम आलं, चाळीस ग्रॅम मिरी, पंचवीस ग्रॅम जिरं, दहा-दहा ग्रॅम लवंग आणि दालचिनी, दोन मोठे चमचे हळद. हे सगळं अर्धा लिटरभर व्हिनेगरमध्ये वाटावं. पाण्याचा थेंब नको, पाटासुद्धा कोरडा असावा. वाटण मांसाला लावून वर अर्धी वाटी फेणी घालावी, आणि फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस, रोज दोनदा कोरड्या डावाने खालवर करावं.

हे मांस आतड्यांत भरताना घाई करू नये. सैल भरलं तर आत हवा राहते, तिथेच बुरशी धरते. अंगठ्याने दाबत भरावं, फुगवटा दिसला तर सुईने टोचावं, मग सुतळीने माळेतल्यासारखे मणी बांधावेत. पहिल्या दिवशी भर दुपारच्या उन्हात टांगू नयेत. बाहेरचं कातडं कडक होतं आणि आतली ओल अडकते. सकाळचं ऊन द्यावं, नंतर चुलीवरचा धूर. मणी चिमटीत दाबला की घट्ट लागावा, दबून राहू नये. वास आंबट-मसालेदार हवा. बुळबुळीत किंवा कुजका लागला तर हळहळ न करता अख्खी माळ टाकावी. चांगले चोरीसही पूर्ण शिजवूनच खावेत.

हे सगळं चालू असताना सिमितरीतली (दफनभूमीतली) थडगी विसरू नयेत. २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या आदल्या दिवशी चुना लावायला गेलं की दगड ओला, चुना ओला, आणि पाद्री आशीर्वादाला येतात तेव्हा तो हाताला निघतो. आठवडाभर आधी गवत काढून शेवाळ ताठ ब्रशने खरवडावं. चुना आदल्या रात्री भिजवून फडक्यातून गाळावा आणि एक जाड हात देण्याऐवजी दोन पातळ द्यावेत, मध्ये एक दिवस सोडून.