जुनं बंद पडलेलं मनोरुग्णालय बघायला जाताय? मग आधी प्लॅन समजून घ्या

अमेरिकेत १९व्या शतकात बांधलेली अवाढव्य मनोरुग्णालयं आहेत, त्यातली बरीच आता बंद पडलीत आणि लोक तिथे जातात ते बहुतेक भुतांसाठी. जा की, पण बिल्डिंग बघायची राहून जाते हो, आणि खरी बघण्यासारखी गोष्ट तीच आहे, कारण ती बांधणाऱ्यांना वाटायचं की इमारत हेच औषध.

जायच्या आधी एकच नाव वाचून ठेवा, थॉमस किर्कब्राइड. फिलाडेल्फियाचा डॉक्टर. १८५४ मध्ये त्याने इस्पितळ कसं बांधावं यावर पुस्तकच लिहिलं, ज्यात भिंतीतल्या हवेच्या नळ्यांपासून खिडकीच्या काचांपर्यंत सगळं ठरवून दिलंय. यातली बरीच इस्पितळं त्याच्याच प्लॅनवर आहेत, तो असा: मधे ऑफिसची उंच बिल्डिंग, तिच्या दोन्ही बाजूंना विंग, एकीकडे पुरुष एकीकडे बायका, आणि प्रत्येक विंग आधीच्या विंगच्या जरा मागे सरकवलेली. हे मागे सरकवणं दिसायला छान म्हणून नाहीये, त्यामुळे प्रत्येक वॉर्डाच्या टोकाला उघडी बाजू मिळते आणि उजेड वारा आत येतो. सगळ्यात त्रासलेले पेशंट अगदी शेवटच्या विंगमध्ये.

म्हणून तिथे पोचलात की लगेच आत घुसू नका. आधी मधल्या दारासमोर लांब उभं राहून पूर्ण रुंदी बघा, मग एका बाजूने शेवटच्या विंगपर्यंत चालत जा. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर गेलात तर तिरप्या उन्हात विंगांचे टप्पे सावलीने वेगळे दिसतात, भर दुपारी सगळं सपाट वाटतं आणि फोटोही तसेच येतात. झाडांची पानं गळालेल्या दिवसात तर अजून बरं, एरवी अर्धी इमारत झाडांमागेच असते.

चालताना दगडाकडे लक्ष ठेवा. न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचं इस्पितळ एच. एच. रिचर्डसनने डिझाइन केलंय, आवार ओल्मस्टेड आणि वॉक्स या बागा आखणाऱ्या जोडीचं. मधे लालसर मेदिना सँडस्टोन (वालुकाश्म), दोन जबरदस्त टॉवर, पण टोकाच्या विंगांना साधी वीट, कारण दगड महाग. म्हणजे दर्शनी भागाला थाट आणि लांबच्या पेशंटना वीट, काय बोलणार! तिथे विंग जोडणारे कॉरिडॉर वळणदार आहेत तेही नक्की बघा, आग एका वॉर्डातून दुसरीकडे पसरू नये हा त्यामागचा एक हेतू होता.

आत गेल्यावर खिडक्या. गज दिसणार नाहीत, बऱ्याच ठिकाणी खिडकीची चौकटच ओतीव लोखंडाची आणि काचा छोट्या छोट्या, गजांचं काम तीच करते. छत किती उंच आहे, कॉरिडॉर किती रुंद आहे बघा, मग वेस्ट व्हर्जिनियातल्या वेस्टनचे आकडे आठवा: २५० पेशंटसाठी बांधलेलं आणि १९५०च्या दशकात तिथे २४०० च्या आसपास माणसं कोंबलेली. तेवढ्यावर किर्कब्राइडचं सगळं गणित कोलमडलं. ते इस्पितळ १९९४ मध्ये बंद झालं, आता तिकीट काढून टूर मिळते, इतिहासाची वेगळी आणि भुतांची वेगळी, बुक करताना नीट बघा नाहीतर अंधारात टॉर्च घेऊन फिरावं लागेल आणि कोरीव काम दिसणारच नाही.

कुंपण ओलांडून घुसायचं मात्र अजिबात मनात आणू नका. पकडले जाल ते सोडा, कुजलेली लाकडी जमीन वरून धड दिसते आणि पाय ठेवला की खाली जाते, शिवाय अॅस्बेस्टॉस आणि शिशाचा जुना रंग. परवानगीची टूर असली तरी जाड तळव्याचे बूट घाला. आणि मोडका बेड, व्हीलचेअर उचलून फोटोसाठी "सजवू" नका प्लीज, लोक तिथे आयुष्यभर राहिलेत. जुनी कागदपत्रं पडलेली दिसली आणि त्यावर नावं असली तर फोटोही नको.

पहिल्यांदा कुठे जायचं? प्लॅन अख्खा बघायचा तर वेस्टन. बफेलोत पूर्वेच्या टोकाच्या तीन विटांच्या विंग पाडल्यात, म्हणून तिथला प्लॅन एका बाजूला तुटका वाटतो, पण दगडकाम तिथलंच भारी. मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीला दुकानं आणि घरं झालीत, तिथे निवांत फिरता येतं. मॅसॅच्युसेट्सच्या डॅनव्हर्सला मात्र फार आशेने जाऊ नका, बहुतेक सगळं पाडून अपार्टमेंट केलेत, मधली इमारत आणि तिच्या लगतच्या दोन विंग यांच्या बाहेरच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत.