शेजारच्या कुटुंबाला देशाबाहेर काढले जात असेल तेव्हा : बिलोएलाच्या मोहिमेवरून काही सूचना

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात बिलोएला नावाचे सुमारे सहा हजार वस्तीचे गाव आहे. तेथील मांसप्रक्रिया कारखान्यात काम केलेले एक श्रीलंकन तमिळ गृहस्थ, त्यांची पत्नी आणि ऑस्ट्रेलियातच जन्मलेल्या त्यांच्या दोन लहान मुली यांना ५ मार्च २०१८ रोजी भल्या पहाटे सीमा दलाच्या अधिकाऱ्यांनी घरातून उचलले आणि मेलबर्नच्या स्थानबद्धता केंद्रात नेऊन ठेवले. त्यानंतर सव्वाचार वर्षांनी, १० जून २०२२ रोजी, हे कुटुंब पुन्हा त्याच गावात परतले. मधल्या काळात गावकऱ्यांनी जी मोहीम चालवली, तिच्यावरून इतरांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी वाचकांच्याही मुलांच्या वर्गात किंवा शेजारच्या घरात असे कुटुंब असू शकते, म्हणून पुढील सूचना त्या देशाचा कायदा डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या आहेत.

पहिले काम वकील गाठण्याचे आहे. सह्या गोळा करण्याचे काम त्यानंतरचे. व्हिसाविषयी सल्ला देण्याचा अधिकार तेथे नोंदणीकृत मायग्रेशन एजंट आणि वकील यांनाच असतो, त्यामुळे शेजाऱ्यांनी कितीही कळवळ्याने झाले तरी ‘अमुक अर्ज भरा’ असे सांगू नये. त्यांनी कुटुंबाची कागदपत्रे, नोटिसा आणि मुदतीच्या तारखा एकत्र करून वकिलापर्यंत पोहोचवाव्यात, आणि कुटुंबातील प्रत्येकाच्या आश्रयाच्या दाव्याचा स्वतंत्रपणे निकाल लागला आहे का, हे आवर्जून विचारावे. बिलोएलाच्या प्रकरणात हा प्रश्नच निर्णायक ठरला. आईवडिलांचे सर्व कायदेशीर मार्ग २०१९च्या मध्यापर्यंत संपले होते; परंतु धाकट्या मुलीच्या दाव्याची तपासणी झालेली नव्हती. २९ ऑगस्ट २०१९च्या रात्री कुटुंबाला घेऊन विमान मेलबर्नहून उडालेसुद्धा होते, तेव्हा न्यायाधीशांनी दूरध्वनीवरून मनाई हुकूम दिला आणि विमान डार्विनला उतरवावे लागले. तेथून कुटुंबाला हिंदी महासागरातील ख्रिसमस बेटावरच्या स्थानबद्धता केंद्रात नेले गेले. पुढे एप्रिल २०२०मध्ये संघीय न्यायालयाने या मुलीच्या बाबतीत न्याय्य कार्यपद्धती पाळली गेली नाही असा निर्णय दिला, आणि फेब्रुवारी २०२१मध्ये पूर्ण पीठाने तो कायम ठेवला.

यातले मर्म असे, की न्यायालयाने कुटुंबाला व्हिसा दिला नाही. न्यायालयाकडून वेळ तेवढा मिळाला. त्या वेळाचा उपयोग करून घेणे हे मोहिमेचे काम असते. ऑस्ट्रेलियाच्या स्थलांतर कायद्यानुसार स्थानबद्ध व्यक्तीला जनहितासाठी व्हिसा देण्याचा विशेषाधिकार मंत्र्याला असतो. तो वापरण्याची सक्ती मंत्र्यावर कोणीही करू शकत नाही. म्हणजे अखेरीस एका माणसाने ‘हो’ म्हणायचे असते, आणि ते म्हणणे त्याला राजकीयदृष्ट्या परवडेल अशी परिस्थिती तुम्हाला निर्माण करायची असते. सभा, पत्रक किंवा मुलाखत यांतल्या प्रत्येक गोष्टीला हीच कसोटी लावावी.

मागणी म्हणूनच एका वाक्यात बसणारी असावी. बिलोएलाच्या लोकांनी देशाचे निर्वासितविषयक धोरण बदलण्याची मागणी पुढे केली नाही. ‘आमचे कुटुंब बिलोला (म्हणजे बिलोएलाला) घरी येऊ द्या’ एवढेच ते वर्षानुवर्षे म्हणत राहिले. कुटुंबातील कोणाला श्रीलंकेत किती धोका आहे, हा वाद वकिलांनी न्यायालयात घालावा. शेजाऱ्याने तो माध्यमांत घालायला घेतला, की सरकारी प्रवक्ता जुने निकाल पुढे करतो आणि शेजारी निरुत्तर होतो. उलट, ही मुले आमच्यात वाढली, यांचे घर आमच्या गल्लीत आहे, यांची नोकरी आणि शाळा येथे आहे, हे सांगण्याचा अधिकार शेजाऱ्याइतका दुसऱ्या कोणालाही नसतो.

बोलायला कोणाला पुढे करावे, हेही यावरूनच ठरते. बिलोएलाचा मतदारसंघ तेव्हाच्या सत्ताधारी आघाडीच्या बाजूचा होता, आणि मोहिमेचे चेहरे त्याच गावातले सामान्य रहिवासी होते. बार्नबी जॉइस यांच्यासारखे त्याच आघाडीतले नेते कुटुंबाला राहू द्यावे असे उघडपणे म्हणाले, याचे वजन विरोधकांच्या दहा भाषणांहून अधिक होते. म्हणून आपल्या मताच्या लोकांना जमवण्यात सगळी शक्ती घालवू नये. कारखान्याचा व्यवस्थापक, शाळेच्या मुख्याध्यापिका, चर्चचे पाद्री, स्थानिक दुकानदार, विशेषतः सरकारी पक्षाला मत देणारे लोक, यांना एकेकटे भेटावे आणि त्यांच्याच शब्दांत खासदाराला पत्र लिहिण्याची विनंती करावी. एकाच मसुद्याच्या शंभर प्रतींपेक्षा मतदारसंघातल्या दहा लोकांची दहा वेगळी पत्रे खासदाराला अधिक अस्वस्थ करतात.

सह्यांच्या मोहिमेचा मोह मोठा असतो. बिलोएलाच्या ऑनलाइन अर्जावर पाच लाखांहून अधिक सह्या झाल्या, आणि देशभर विषय पोहोचवण्यासाठी त्या उपयोगी पडल्याच. तरीही इतक्या सह्या होऊनसुद्धा कुटुंब ख्रिसमस बेटावर बंदिस्तच राहिले, हे विसरू नये. सह्या करणाऱ्यांना पुढचे काम काय द्यायचे, हे आधी ठरवून मगच अर्ज सुरू करावा. संसदेच्या प्रतिनिधीगृहाकडे जाणारा अधिकृत अर्ज हा वेगळा प्रकार आहे. त्याची शब्दरचना व मुदत यांचे नियम आहेत आणि त्यावर मंत्र्याने उत्तर देणे अपेक्षित असते.

‘एका कुटुंबाला राहू दिले, तर उद्या पुन्हा होड्या भरून आश्रय मागणारे येतील’ हा आक्षेप हमखास येणार. त्यावर चिडून उपयोग नाही. समुद्रात होड्या अडवून परत पाठवण्याचे धोरण २०१३पासून चालू आहे, मंत्र्याच्या विशेषाधिकाराने त्यात कानामात्रेचा फरक पडत नाही, आणि तो अधिकार कायद्याने मुळात एकेका प्रकरणासाठीच ठेवला आहे, असे शांतपणे सांगावे. मात्र ‘हे कुटुंब कष्टाळू आहे, इतरांसारखे नाही’ असे बोलण्याची सवय लागू देऊ नये. ज्यांच्यामागे असे गाव उभे नाही त्यांच्या दाव्याला त्यामुळे बाधा येते, आणि संरक्षणाचा हक्क चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून मिळत नसतो.

आता सर्वांत नाजूक बाब. आश्रय मागणाऱ्यांची नावे तेथील न्यायालये प्रसिद्ध करत नाहीत. या मुलीचा खटला कागदोपत्री ‘एक्सएडी’ या अक्षरांनी ओळखला जातो. कायदा नावे झाकतो, आणि मोहिमेला मात्र चेहऱ्यांची गरज असते. मायदेशी राहिलेल्या नातेवाइकांवर प्रसिद्धीचे काय परिणाम होतील, मुलांची छायाचित्रे पुढे कायम इंटरनेटवर राहतील याची पालकांना कल्पना आहे का, हे वकिलासमोर आणि दुभाष्याच्या मदतीने विचारूनच संमती घ्यावी. दुभाषी शक्यतो त्याच समाजातला परिचित नसावा. संमती एकदा दिली म्हणजे कायमची दिली असे मानू नये. प्रत्येक नव्या मुलाखतीच्या वेळी पुन्हा विचारावे. जी गोष्ट कुटुंबाने सांगितलेली नाही, ती मोहिमेने रंगवून सांगू नये, कारण वर्तमानपत्रातील आणि अर्जातील तपशिलांत तफावत पडली तर ती पुढे कुटुंबाच्याच विरोधात वापरली जाऊ शकते.

स्थानबद्धतेच्या काळात कुटुंबाशी रोज फोनवर संपर्क ठेवण्याची जबाबदारी एक-दोन ठरावीक व्यक्तींवर सोपवावी आणि प्रकृतीच्या तक्रारी तारीखवार लिहून ठेवाव्यात. जून २०२१मध्ये धाकटी मुलगी गंभीर आजारी पडून तिला ख्रिसमस बेटावरून पर्थच्या रुग्णालयात हलवावे लागले, तेव्हा देशभर संताप उसळला आणि काही दिवसांतच कुटुंबाला पर्थमध्ये केंद्राबाहेर राहण्याची परवानगी मिळाली. असा प्रसंग कोणीही मागून घेत नाही. पण तो आला तर खरी माहिती तासाभरात डॉक्टर, वकील आणि पत्रकार यांच्यापर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था तयार हवी. रात्री-अपरात्री कोणी कोणाला फोन करायचा, याची यादीही कागदावर असावी. ज्यांचा स्वतःचा व्हिसा तात्पुरता आहे, उदाहरणार्थ शिकायला आलेले विद्यार्थी, त्यांनी अटक होऊ शकेल अशा निदर्शनात उतरण्यापूर्वी वकिलाला विचारावे. त्यांनी पत्रे लिहिली, जेवण पोहोचवले किंवा भाषांतर केले तरी ते मोहिमेचेच काम आहे. देणग्यांसाठी स्वतंत्र खाते, दोन व्यक्तींच्या सह्या आणि वेळोवेळी जाहीर केलेला हिशेब हवा.

निवडणूक जवळ आली, की प्रत्येक उमेदवाराकडून जाहीर उत्तर मागावे. २०२२च्या निवडणुकीपूर्वी तेव्हा विरोधात असलेल्या मजूर पक्षाने कुटुंबाला बिलोएलाला परत येऊ देण्याचे आश्वासन दिले होते. २१ मे रोजी मतदान झाले, तो पक्ष सत्तेवर आला आणि २७ मे रोजी प्रभारी गृहमंत्री जिम चाल्मर्स यांनी ब्रिजिंग व्हिसा मंजूर केले. येथे मोहीम आवरती घेण्याची घाई करू नये. ब्रिजिंग व्हिसा ही तात्पुरती सोय असते, आणि या कुटुंबाला कायमचा व्हिसा ऑगस्ट २०२२मध्ये मिळाला. तोपर्यंत खासदाराच्या कार्यालयाशी संपर्क चालू ठेवावा, आणि त्यानंतर पत्रकारांना घरापासून लांब ठेवण्याचे काम शेजाऱ्यांनी आपल्याकडे घ्यावे.