मोटर-फेडर कंट्रोलर रीपरला जोडताना

रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरसाठी मिळणारा फेडर (आवाजाची पातळी वरखाली करणारी सरकती खुंटी) कंट्रोलर दिसायला मिक्सरसारखा असला, तरी त्यातून आवाज जात नाही, हे खरेदीपूर्वीच लक्षात घ्यावे. माइक पूर्वीप्रमाणे ऑडिओ इंटरफेसलाच जोडावा लागतो. 'तिसऱ्या ट्रॅकचा फेडर इतका वर गेला' असा निरोप मिडीच्या (वाद्ये आणि संगणक यांच्यातील संदेशांची ठरलेली भाषा) रूपात संगणकाला पाठवणे आणि फेडर मोटरचे असल्यास सॉफ्टवेअरकडून आलेल्या निरोपानुसार ते हलवणे, एवढेच कंट्रोलरचे काम असते. जोडणीतल्या बहुतेक अडचणी या दोन वाटांपैकी एक बंद राहिल्याने किंवा निरोप भलत्याच ठिकाणी पोचल्याने निर्माण होतात. येथे बेहरिंगर एक्स-टच हा कंट्रोलर आणि रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर ही जोडी उदाहरण म्हणून घेतली आहे. इतर सॉफ्टवेअरमध्ये मेनूंची नावे बदलतात, तत्त्व तेच राहते.

एक्स-टचवर नऊ मोटर-फेडर असतात, आठ ट्रॅकसाठी आणि नववा मास्टरसाठी. हे उपकरण मॅकी कंट्रोल आणि एचयूआय अशा दोन पद्धतींनी सॉफ्टवेअरशी बोलू शकते. रीपर, क्यूबेस, लॉजिक प्रो आणि एबलटन लाइव्ह यांच्यासाठी मॅकी कंट्रोल निवडावे, तर प्रो टूल्ससाठी एचयूआय. पहिल्या चॅनलचे सिलेक्ट बटण दाबून धरून उपकरण सुरू केले की छोट्या पडद्यांवर पर्याय दिसतात. तेथे 'एमसी' ही पद्धत आणि 'यूएसबी' ही जोडणी निवडावी. कंट्रोलर आधी सुरू करावा आणि रीपर नंतर उघडावे.

रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'कंट्रोल/ओएससी/वेब' या पानावर 'ॲड' दाबून 'मॅकी कंट्रोल युनिव्हर्सल' निवडावे आणि मिडी इनपुट व मिडी आउटपुट या दोन्ही जागी एक्स-टचचेच पोर्ट द्यावे. त्याची दोन पोर्टे दिसत असतील, तर दुसरे मागच्या बाजूच्या मिडी सॉकेटांचे असते. त्याला हात लावू नये. आउटपुट रिकामे राहिले, तर फेडर हलवल्यावर पडद्यावरचा फेडर हलतो, पण पडद्यावर माउसने केलेला बदल कंट्रोलरपर्यंत येत नाही. 'साइझ ट्वीक' हा आकडा ९ असतो, तो तसाच ठेवावा. आठ फेडरचा जोड-विभाग उजवीकडे ठेवला असेल, तर तो 'मॅकी कंट्रोल एक्स्टेंडर' म्हणून वेगळा जोडून त्याचा ऑफसेट (किती ट्रॅक सोडून सुरुवात करायची तो आकडा) ८ करावा.

यानंतरची पायरी अनेकजण वगळतात आणि मग तासन्‌तास डोके धरून बसतात. मॅकी कंट्रोल पद्धतीत फेडरची हालचाल पिच बेंड (एरवी सूर वरखाली वाकवणारा) संदेश म्हणून जाते, कारण साध्या कंट्रोल चेंज संदेशात १२८ पायऱ्या असतात, तर पिच बेंडमध्ये १६,३८४ मावतात. बटणे मात्र नोट म्हणून जातात. रेकॉर्डसाठी सज्ज असलेला हार्मोनियमचा मिडी ट्रॅक 'सर्व इनपुट' ऐकत असेल, तर हेच निरोप त्याच्याही कानी पडतात. मग म्यूट दाबताच खर्जातला भलताच सूर वाजतो आणि पहिला फेडर खाली आणला की हार्मोनियम उतरते. कीबोर्डवरचे पिच व्हील सोडल्यावर आपोआप मध्यावर येते, फेडर येत नाही. त्यामुळे वाद्य बेसूरच राहते आणि दोष वाद्याचा आवाज काढणाऱ्या बिचाऱ्या प्लगइनला दिला जातो. यावर उपाय असा, की मिडी उपकरणांच्या यादीत एक्स-टचचे इनपुट ट्रॅकसाठी बंद ठेवावे. कंट्रोलरचे काम त्याने थांबत नाही. क्यूबेसमध्ये याच हेतूने ते पोर्ट 'ऑल मिडी इनपुट्स'मधून वगळावे.

जोडणी पूर्ण झाली की माउसने एखादा ट्रॅक वरखाली करून फेडर मागे येतो का, ते पाहावे. त्यानंतर बँक (आठ ट्रॅकचा गट) बटणांनी आठ-आठ आणि चॅनल बटणांनी एकेक ट्रॅक पुढे सरकून पाहावे. तबला, तानपुरा, हार्मोनियम आणि मुख्य गायन पहिल्या आठांत ठेवले, तर बँक बदलण्याची वेळ क्वचितच येते.

कंट्रोलरचा खरा उपयोग ऑटोमेशनमध्ये, म्हणजे फेडरच्या हालचाली गाण्यासोबत नोंदवून ठेवण्यात आहे, असे माझे मत आहे. नुसती पातळी बसवायला माउसही पुरतो. गायनाचा ट्रॅक 'टच' या ऑटोमेशन पद्धतीवर ठेवून गाणे वाजवावे आणि पडद्याकडे न पाहता, शब्द बुडतो तेथे फेडर किंचित उचलावा. बोट काढताच फेडर आधीच्या पातळीवर परततो. 'लॅच'मध्ये तो सोडलेल्या जागीच राहतो, तर 'राइट'मध्ये वाजवल्या क्षणापासून जुने सारे पुसले जाते, म्हणून 'राइट' जपून वापरावे. फेडरला त्वचेचा स्पर्श कळतो. नखाने किंवा पेनाच्या टोपणाने तो ढकलल्यास स्पर्शाची नोंद होत नाही आणि मोटर हाताविरुद्ध ओढ घेते.

कोर्ग नॅनोकंट्रोल २ सारख्या बिनमोटरी उपकरणावर फेडर स्वतः हलत नाहीत, त्यामुळे बँक बदलल्यावर फेडरला हात लावताच पातळी उडी मारू शकते. सॉफ्टवेअरमध्ये पिकअप किंवा सॉफ्ट टेकओव्हर हा पर्याय असेल, तर तो चालू ठेवावा. मग हातातला फेडर पडद्यावरच्या पातळीला येऊन मिळेपर्यंत काहीही बदलत नाही.