रेणूंची नावं नंतर, आधी पाणी शोधा

बायोकेमिस्ट्री नव्याने घेतलेल्या मुलांच्या वहीत चार तक्ते हमखास असतात: कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ, न्यूक्लिक आम्लं. तक्ते पाठही असतात. पण ग्लुकोजचा रेणुभार १८०, फ्रुक्टोजचाही १८०, मग दोन्ही जोडून बनलेल्या साखरेचा ३६० न होता ३४२ का, असं विचारलं की बहुतेक जण थबकतात. जोडणी होताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो, त्याचे हे १८ कमी. एम.एस्सी. होईपर्यंत मला या विषयात सगळ्यात उपयोगी पडलेली सवय हीच: पाणी कुठून निघालं, कुठे शिरलं आणि कुणापासून लांब राहिलं, ते आधी बघायचं.

कोल्हापुरात शिकत असाल तर हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर जाच, आणि जरा वेळ काढून जा. काहिलीतल्या रसात गुळव्या चुना का घालतो ते विचारा. उसाचा रस थोडा आम्लधर्मी असतो. आम्ल आणि उष्णता एकत्र आली की साखरेच्या जोडात पाणी शिरतं आणि ग्लुकोज, फ्रुक्टोज सुटे होतात. हे सुटे रेणू हवेतला ओलावा ओढतात, मग ढेप नीट बसत नाही, गूळ पाघळतो. चुन्याने आम्लता कमी होते, तुटणं मंदावतं. भेंडीचा चिकट रस घालतात तोही कर्बोदकाचाच मोठा रेणू; तो गाळ धरून मळीबरोबर वर आणतो.

हीच गोष्ट प्रयोगशाळेत पडताळता येते. शुद्ध साखरेच्या पाण्यात बेनेडिक्ट (सुट्या साखरा ओळखणारं निळं द्रावण) घालून तापवलं तर रंग निळाच राहतो, कारण साखरेतले दोन्ही क्रियाशील गट जोडणीत अडकलेले असतात. गुळाच्या पाण्यात रंग विटकरीकडे झुकतो. आता साखरेचं पाणी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर उकळा, खाण्याच्या सोड्याने आम्ल मारा आणि पुन्हा बेनेडिक्ट करा. आधी निळी राहिलेली साखर आता रंग देते. सोडा विसरू नका. बेनेडिक्टला अल्कधर्मी द्रावणच लागतं.

तिथेच चुलवणाकडेही बघा. जळणारी चिपाडं म्हणजे मुख्यतः सेल्युलोज, त्यातही ग्लुकोजच. भातातला स्टार्चही ग्लुकोजचाच. मुख्य फरक जोडाच्या दिशेचा, अल्फा की बीटा. बीटा जोडात पाणी घालून तो तोडणारं विकर (एन्झाइम) आपल्याकडे नाही. म्हशीच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे आहे, म्हणून ती वाडं (उसाचे शेंडे) खाऊन दूध देते.

प्रथिनांत पेप्टाइड बंध, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी जोडणारा बंध, होतानाही पाणीच निघतं. इथे मात्र एक गोंधळ जवळपास प्रत्येकाचा होतो. दूध विरजलं म्हणजे प्रथिन तुटलं, असं लिहू नका. जिवाणू दुधातल्या लॅक्टोज साखरेपासून लॅक्टिक आम्ल करतात, पीएच ४.६ च्या आसपास आला की केसीन या दुधातल्या प्रथिनावरचे धन आणि ऋण भार एकमेकांना पुरे पडतात, कण एकमेकांना ढकलत नाहीत आणि दही लागतं. साखळी बहुतांशी शाबूत असते. ती खऱ्या अर्थाने तुटते पोटात, पेप्सिन हे विकर पाणी घालून तोडतं तेव्हा. साखळीचा क्रमच किती नेमका असतो, हे फ्रेडरिक सँगर यांनी इन्सुलिनच्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम लावून दाखवलं आणि १९५८ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. साखळी कोणत्या कोनांत वळू शकते, हे मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये एका आलेखात मांडलं. तो आलेख आजही वापरात आहे. तो नुसता बघू नका, हाताने काढा.

स्निग्ध पदार्थ चौकडीत वेगळे. ते एकसारख्या घटकांची लांब साखळी नाहीत. ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडली जातात, तीन पाणी निघतात, संपलं. त्यांचा मुद्दा पाण्यापासून लांब राहण्याचा. तांबड्या रश्श्यावरच्या तर्रीत लाल रंग दाटतो, कारण मिरचीतली रंगद्रव्यं तेलात विरघळतात, पाण्यात नाही. पेशीचं आवरणही याच गुणावर उभं आहे: फॉस्फोलिपिडची डोकी पाण्याकडे, शेपट्या आत.

डीएनए घरी काढून बघा: कांदा, मीठ, भांड्यांचा साबण आणि गार अल्कोहोल. साबण आवरण फोडतो, मीठ फॉस्फेटचे ऋण भार झाकतं, अल्कोहोलमध्ये डीएनए विरघळेनासा होतो. वर येणारे पांढरे धागे म्हणजे असंख्य रेणूंचा पुंजका, त्यात थोडी प्रथिनंही असतात. एकटा रेणू २ नॅनोमीटर रुंद, डोळ्याला दिसणारच नाही.

पुढे सीएसआयआर-नेट लाइफ सायन्सेस या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा विचार असेल तर अभ्यासक्रमाचा पहिलाच घटक हे रेणू आणि त्यांच्यातल्या आंतरक्रिया आहे. त्याआधी पीएच, पीकेए (आम्ल किती सहज प्रोटॉन सोडतं त्याचं माप) आणि बफर (पीएच टिकवून धरणारं द्रावण) यांची गणितं हातची करून घ्या. बरीच मुलं ती टाळतात आणि मग अमिनो आम्लांचे भार, विकरांचा वेग, इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या साहाय्याने रेणू वेगळे करणं) या तिन्ही ठिकाणी अडतात. सुरुवात ग्लायसिनपासून करा: पीएच १ ला, ६ ला आणि ११ ला त्याच्यावर कोणता भार असेल, ते कागदावर काढा.