दोन दिवसांच्या ट्रेकला जळण कोणतं न्यायचं

शेगडी विकत घेण्याआधी दोन गोष्टी ठरवा: पायथ्याच्या गावी कशानं पोचणार आणि वर नेमकं काय शिजवणार. जळण त्यावरून ठरतं, आणि शेगडी जळणावरून.

लोकलनं कसारा किंवा कर्जत गाठणार असाल तर गॅसचं कॅन, रॉकेल, स्पिरिट यांतलं काहीही पाठपिशवीत ठेवू नका. रेल्वे कायदा १९८९च्या कलम १६४खाली अशा वस्तू गाडीत नेल्यास ३ वर्षांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी, खच्चून भरलेल्या डब्यात स्पिरिटची बाटली गळणं ही कल्पनाच नको. एसटीलाही हेच लागू धरा. अशा वेळी रिकामी शेगडी घेऊन जा आणि जळण तालुक्याच्या बाजारात घ्या. स्वतःची गाडी असेल तर निवड मोकळी आहे.

दोघा-तिघांच्या चहा-खिचडीसाठी माझी पहिली पसंती स्पिरिटला. रंगाच्या दुकानात फ्रेंच पॉलिशसाठी सुतार घेतात तेच. स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉल. त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते निळसर ज्योतीनं जळतं आणि भांडं काळं होत नाही. मागताना ‘थिनर’ म्हणू नका, ते वेगळं रसायन आहे आणि त्याची काजळी भयंकर. आणल्यावर उघड्यावर, स्टीलच्या वाटीत चमचाभर पेटवून वर दुसरी वाटी धरून बघा. बूड काळं झालं तर ते जळण नेऊ नका. मात्र एवढ्यानं स्पिरिटमधलं मेथेनॉल ओळखता येत नाही, कारण तेही निळंच आणि स्वच्छ जळतं. मेथेनॉल विषारी असतं, पोटात गेलं तर दृष्टी जाते, कातडीतूनही ते शरीरात शिरतं. म्हणून सीलबंद, वर घटक छापलेली बाटलीच घ्या, सुटं घेऊ नका, आणि कुठलंही स्पिरिट हात धुवायला वापरू नका. पाण्याच्या बाटलीत तर ते कधीच भरायचं नाही. जाड प्लॅस्टिकची, घट्ट झाकणाची वेगळी बाटली घ्या आणि तिच्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ लिहा.

किती न्यायचं याचा हिशेब सोपा आहे. वाऱ्याला आडोसा असेल तर अर्धा लिटर पाणी उकळायला साधारण २५ मिलि स्पिरिट लागतं. दोघांचा तीन वेळा चहा आणि एकदा खिचडी धरली तर दीडशे-पावणेदोनशे मिलि होतं. हाताशी थोडं राहावं म्हणून २५० मिलि न्या. आडोसा नसेल तर हा हिशेब विसरा, डोंगरमाथ्यावरचा वारा दुप्पट जळण खातो. आडोशासाठी ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्याची घडी घालून ठेवा, वजन काहीच नाही. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवा, एक उकळी काढून झाकण घट्ट लावा आणि भांडं चादरीत गुंडाळून ठेवा. खिचडी आतल्या वाफेवर शिजते आणि जळण बरंच वाचतं.

स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही, हे सोबतच्या प्रत्येकाला आधी सांगून ठेवा. शेगडी विझली असं वाटून वरून स्पिरिट ओतलं की ज्योत बाटलीपर्यंत येते. पूर्ण थंड झाल्याशिवाय पुन्हा भरायचं नाही, यात सवलत नाही.

मोठा गट असेल, भाकरी-पिठलं करायचं असेल, तर कोळशाचा विचार करा. इस्त्रीवाल्याकडे मिळणारा लोणारी कोळसा पेटताना थोडा वेळ धुरतो, मग जवळजवळ नाही. पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटनं, म्हणजे ‘आरती’नं, शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटापासून कोळसा करून दाखवला आणि त्यासाठी संस्थेला २००२ साली ॲशडेन पुरस्कार मिळाला. याच संस्थेचा सराय कुकर वाफेवर चालतो. त्यात मूठ-दोन मूठ कांडीकोळशावर, म्हणजे कोळशाच्या भुकटीच्या दाबून केलेल्या कांड्यांवर, वरण, भात, भाजी एकत्र होतं. गाडीनं जाणाऱ्यांसाठी ही फार चांगली सोय आहे, ट्रेकर मंडळींनी तिच्याकडे लक्ष द्यायला हवं. फक्त कोळशाचा विस्तव तंबूत किंवा बंद खोलीत नेऊ नका. धूर दिसत नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड येतो आणि झोपेतच जीव जातो.

बाकीचे पर्याय झटपट. ब्युटेनचं कॅन स्वच्छ आणि सोयीचं, पण महाग, आणि ब्युटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचा थांबतो, म्हणून सह्याद्रीत चालतं, हिमालयाच्या थंडीत नाही. हेक्झामिन या घन जळणाच्या वड्या हलक्या, धूर नगण्य, पण वास येतो आणि भांड्याला चिकट थर बसतो. चहापुरत्या ठीक. कापूर मात्र स्वयंपाकासाठी नकोच, त्याच्या काजळीवर पूर्वी डोळ्यांत घालायचं काजळ धरत, यावरून ओळखा. काटक्या फुकट असल्या तरी ओल्या असतील तर धूर आवरत नाही. नीट वाळलेल्या, बोटभर जाडीच्याच घ्या आणि त्याही गावातून, विकत.

निघण्यापूर्वी वनखात्याकडे विचारून घ्या. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यात उघड्यावर विस्तव पेटवण्यावर बंधनं असतात, आणि फाल्गुन-चैत्रात गवत वाळलेलं असताना एका ठिणगीनं वणवा लागतो. त्या दिवसांत मी शेगडी न्यायचीच नाही असं म्हणेन. पायथ्याच्या घरी आधी फोन करून भाकरी-भाजी बांधून घ्या आणि वर गूळ-शेंगदाण्यावर भागवा. बाकीच्या महिन्यांत शेगडीखाली सपाट दगड, शेजारी लिटरभर पाणी, काडेपेटी प्लॅस्टिकच्या डबीत आणि तिच्यासोबत एक लायटर. उरलेलं स्पिरिट खाली गावापर्यंत आणा, लोकल-एसटीत मात्र नेऊ नका, राखेवर पाणी ओतून ती हातानं चाचपून बघा.